ऑफिसात मदतनिधी गोळा करायचाय? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी, अगदी पहिल्या पायरीपासून

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, तेव्हा भोसरीतल्या आमच्या कारखान्यात कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. कुणाचं घर शिरोळला, कुणाची बहीण पलूसला दिलेली, कुणाचे आईवडील मिरजेत. हायवे बंद, फोन लागत नाहीत. अशात एका दुपारी कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणालं, "आपण काहीतरी गोळा करू या," आणि मी अकाउंट्समधली म्हणून सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी लगेच माझा यूपीआय नंबर व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तीन दिवसांत ८४ जणांकडून ६१,४०० रुपये जमले.

पैसे योग्य ठिकाणी पोचले, यात शंका नाही. पण माझ्या खात्यातून एकरकमी गेल्यामुळे संस्थेने पावती फक्त माझ्या नावाने फाडली. करसवलतीसाठी पावती मागायला माणसं येऊ लागली, तेव्हा माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. वहीतल्या नोंदी आणि बँकेचं स्टेटमेंट यांत दीड हजारांचा फरक निघाला. ते मी भरले, पण एका सहकाऱ्याने जिन्यात थांबवून "मॅडम, हिशोब लावणार आहात ना?" असं विचारलं, ते अजून विसरले नाही. त्याचं विचारणं बरोबरच होतं. त्यानंतर दरवर्षी आम्ही एक मोहीम करतो, आणि ती कशी करायची हे चुकत चुकत शिकलो. ते सगळं इथे लिहिते आहे, म्हणजे तुम्हाला जिन्यात कुणी थांबवणार नाही.

मुळात हे ऑफिसात कशाला?

"ज्याला द्यायचंय तो घरून देईल की," असं म्हणणारे भेटतात. घरून देणारे देतातच. पण ऑफिसात एकत्र दिल्याने जे होतं, ते वेगळं असतं.

आमच्याकडे डिझाइन विभाग दुसऱ्या मजल्यावर आणि मशीन शॉप खाली. ड्रॉइंग खाली जातं, तक्रार वर येते, माणसं एकमेकांना नावानेही ओळखत नाहीत. पुराच्या वेळी चादरी आणि भांडी लावायला दोन्हीकडची माणसं एका टेबलाशी बसली. पुढच्याच महिन्यात सीएनसीवरच्या (संगणकाने चालणाऱ्या मशीनवरच्या) एका ऑपरेटरने थेट वर फोन करून सांगितलं, की ड्रॉइंगमधला अमुक टॉलरन्स, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाची मर्यादा, मशीनवर येणं शक्य नाही. एरवी तो पार्ट रिजेक्ट होऊन आल्यावरच हे कळलं असतं.

नव्या मुलांसाठी तर ही फार चांगली शाळा आहे. लोकांसमोर बोलणं, हिशोब ठेवणं, 'नाही' ऐकून घेणं, हे त्यांना कुठल्या ट्रेनिंगपेक्षा इथे लवकर येतं. आणि देणाऱ्याचं समाधान ही नुसती बोलायची गोष्ट नाही. एलिझाबेथ डन, लारा ॲक्निन आणि मायकेल नॉर्टन यांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापला. त्यात एका कंपनीतल्या १६ कर्मचाऱ्यांना मिळालेल्या बोनसचाही भाग होता. बोनस किती मोठा होता, यापेक्षा त्यातला किती हिस्सा दुसऱ्यांवर खर्च झाला, याचा त्यांच्या आनंदाशी जास्त संबंध दिसला. १६ माणसं म्हणजे काही फार नाहीत, पण आमच्या कॅन्टीनमध्ये मी तेच बघितलंय.

हे सगळे फायदे मात्र एका अटीवर मिळतात. देणं मोकळ्या मनाचं हवं आणि हिशोब सगळ्यांना दिसेल असा हवा. यातलं एक जरी गेलं, तरी पैसे जमतात आणि माणसं दुरावतात. खालच्या सगळ्या पायऱ्या याच दोन गोष्टी सांभाळण्यासाठी आहेत.

१. तिघांची टीम आणि एचआरचा मेल

एकट्याने करू नका. तिघे पुरतात: एक हिशोबाला, एक संस्थेशी बोलायला, एक लोकांशी बोलायला. तिघे वेगवेगळ्या विभागांतले असू द्या, आणि त्यांतला एक तरी शॉपफ्लोअरचा किंवा हाताने काम करणाऱ्यांतला हवा. मोठे साहेब टीममध्ये नकोत. कारण पाचव्या पायरीत सांगते.

मग एचआरला मेल करून लेखी परवानगी घ्या. कशासाठी, कुठल्या संस्थेला, किती दिवस, पैसे कुठल्या मार्गाने जाणार, एवढं त्यात असू द्या. तोंडी "करा की" वर जाऊ नका. तो माणूस बदलून गेला की परवानगीही त्याच्याबरोबर जाते.

२. आधी काम निवडा, मग संस्था

"शिक्षणासाठी मदत" म्हटलं की लोक मान डोलावतात आणि विसरून जातात. काम दिसेल असं हवं. २०२२ साली आम्ही भोर तालुक्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहासाठी ५०० लिटरचा सोलर वॉटर हीटर घ्यायचं ठरवलं. मुली हिवाळ्यात पहाटे चुलीवर पाणी तापवून आंघोळ करत होत्या, धुराने डोळे लाल करून शाळेत जायच्या. मी हे कॅन्टीनमध्ये दोन मिनिटांत सांगितलं आणि पुढे कुणाला काही पटवून द्यावं लागलं नाही.

तीन पर्याय ठेवा आणि लोकांना मत देऊ द्या. ज्याने निवडलं, त्याला ते आपलं वाटतं. धर्म, जात, पक्ष यांच्याशी जोडलेली कामं ऑफिसात आणू नका, कितीही चांगली असली तरी. तिथे न देणाऱ्याला कारण सांगावं लागतं, आणि ती वेळ कुणावर यायला नको.

३. संस्थेची कागदपत्रं तपासा

इथे संकोच करू नका. चांगल्या संस्थेला कागद मागितल्याचा राग येत नाही, उलट त्यांची फाइल तयारच असते. मागायची कागदपत्रं अशी:

- धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक (संस्था कंपनी कायद्याखालची असेल, तर कलम ८ च्या कंपनीचं प्रमाणपत्र)
- संस्थेचं पॅन
- आयकर खात्याचे १२ए (संस्थेच्या स्वतःच्या करमाफीचा) आणि ८०जी (देणाऱ्याच्या करवजावटीचा) चे आदेश (दोन्हींना मुदत असते, तारीख वाचा)
- मागच्या दोन-तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट
- संस्थेच्या नावाचा रद्द केलेला चेक
- नीती आयोगाच्या 'दर्पण' या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरचा क्रमांक, असल्यास

पॅनमधलं चौथं अक्षर बघायची सवय लावून घ्या. ट्रस्टचं असेल तर तिथे 'टी' असतो, कंपनीचं असेल तर 'सी'. 'पी' दिसला तर ते एका व्यक्तीचं पॅन आहे. तिथेच थांबा. तसंच क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पैसे पाठवायच्या आधी नाव दिसतं. ते संस्थेचंच आहे ना, हे टीममधल्या तिघांनी आपापल्या फोनवर बघा आणि एक-एक रुपया पाठवून खात्री करा.

४. पैशाचा रस्ता ठरवा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सगळ्यात सोपा आणि स्वच्छ रस्ता म्हणजे देणारा ते थेट संस्था. संस्थेचा क्यूआर कोड छापून कॅन्टीनमध्ये लावा. पैसे तुमच्या हाताला लागतच नाहीत, पावती ज्याच्या त्याच्या नावाने येते, आणि कोणी किती दिले हे तुम्हालाही कळत नाही. आम्ही आता शक्यतो हेच करतो. फक्त एक फॉर्म भरून घ्या: नाव, पत्ता, पॅन, रक्कम, तारीख. तो थेट संस्थेकडे जाऊ द्या. संस्थेला दात्यांची ही माहिती आयकर खात्याला कळवावी लागते, ती नीट गेली नाही तर दात्याला वजावट मिळत नाही.

दुसरा रस्ता पगारातून कपातीचा. दर महिन्याला शंभर-दोनशे रुपये द्यायचे असतील, तर हा फार चांगला. थेंबे थेंबे तळे साचे याचा प्रत्यय इथे येतो. त्यासाठी प्रत्येकाची लेखी संमती घ्या, आणि बंद कधीही करता येईल हे त्याच कागदावर लिहा. यातला सापळा असा, की कंपनी सगळ्यांची रक्कम एकत्र पाठवते आणि पावती कंपनीच्या नावाने येते. माझ्या ६१,४०० चं झालं तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. म्हणून पैशांबरोबर दर वेळी नाव-पॅन-रकमेची यादी गेलीच पाहिजे, आणि "आम्ही प्रत्येकाच्या नावाने वेगळं प्रमाणपत्र देऊ" असा संस्थेचा मेल सुरुवातीलाच मागून घ्या.

तिसरा रस्ता रोख. कंत्राटी कामगार, हाउसकीपिंगच्या मावशी, गेटवरचे सिक्युरिटीवाले यांच्यासाठी डबा ठेवावा लागतो, आणि ठेवावाच. डबा सीलबंद हवा. उघडताना दोघांनी मिळून मोजायचं, कागदावर नोटांची फोड लिहून दोघांनी सही करायची, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रक्कम संस्थेच्या खात्यात भरायची. ड्रॉवरमध्ये आठवडाभर पडलेला पैसा कितीही प्रामाणिक असला, तरी त्याच्याबद्दल कुजबुज सुरू होते. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करवजावट नाही, हेही डब्यावर लिहून टाका.

स्वतःच्या खात्यात पैसे घ्यायचे नाहीत. एका दिवसासाठीही नाहीत. महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्या गटाने धर्मादाय कामासाठी वर्गणी जमवायची, तर धर्मादाय आयुक्तांकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली रीतसर जावं लागतं. गणेश मंडळं दरवर्षी तेच करतात. नोंदणीकृत संस्थेकडे थेट पैसे गेले, तर तुम्ही त्या भानगडीत पडतच नाही.

५. मागायचं कसं

२०२० साली मी आणखी एक चूक केली. कॅन्टीनच्या फळ्यावर देणाऱ्यांची नावं आणि रकमा लावल्या. हेतू आभार मानायचा होता. दुसऱ्या दिवशी स्टोअरमधले एक काका माझ्या टेबलाशी आले. घरात आजारपण चालू होतं, हप्ते थकले होते. त्यांनी खिशातून शंभराची घडी घातलेली नोट काढली आणि म्हणाले, "माझंही नाव लावा मॅडम, बरं दिसत नाही." मी नोट परत दिली आणि त्याच मिनिटाला तो कागद काढला.

तेव्हापासूनचे आमचे नियम:

नावं आणि रकमा कुठेही लावायच्या नाहीत. फळ्यावर फक्त एकूण रक्कम आणि देणाऱ्यांची संख्या.

साहेबांनी आपल्या हाताखालच्या माणसाकडे पैसे मागायचे नाहीत. ज्याच्या हातात इन्क्रिमेंट आहे, त्याने प्रेमाने जरी विचारलं, तरी समोरच्याला ते ऐच्छिक वाटत नाही. साहेबांना मदत करायची असेल, तर त्यांनी पहिल्या दिवशी दोन मिनिटं बोलावं आणि बाजूला व्हावं.

टेबलाटेबलावर फिरायचं नाही. विभागांत स्पर्धा लावायची नाही. "किमान ५०० तरी" म्हणायचं नाही. 'फूल ना फुलाची पाकळी' हे शब्द आपल्याकडे उगीच आलेले नाहीत. दहा रुपयांचं स्वागत पाच हजारांइतकंच व्हायला हवं.

आठवण फक्त दोनदा करायची: मधे एकदा, संपायच्या आदल्या दिवशी एकदा.

"सगळ्यांचा एक दिवसाचा पगार" हा प्रस्ताव हमखास येतो, कारण मोठ्या आपत्तीत सरकारी कार्यालयांत मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी ती रीत आहे. करायचंच असेल, तर ज्याला द्यायचेत त्याने 'हो' लिहून द्यावं. "ज्याला नको त्याने कळवा" असा मेल काढू नका. तो मेल वाचणाऱ्या नव्या ट्रेनीच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

६. करसवलतीबद्दल खरं सांगा

"टॅक्स वाचेल" असं सांगून पैसे मागू नका. साधा हिशोब बघा. ८०जी मध्ये बहुतेक संस्थांच्या देणगीवर ५० टक्के वजावट मिळते, तीही उत्पन्नाशी जोडलेल्या मर्यादेत. तुम्ही २,००० दिले, तर १,००० ची वजावट. २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून वाचले २०८ रुपये. आणि हे जुनी करप्रणाली घेणाऱ्यांनाच. नव्या प्रणालीत ही वजावट नाही. कपडे, धान्य अशा वस्तूरूप मदतीलाही नाही.

ज्यांना वजावट घ्यायची आहे, त्यांना साध्या पावतीवर भागत नाही, संस्थेने आयकर पोर्टलवरून काढलेलं प्रमाणपत्र लागतं. आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत ते द्यायचं असतं आणि इतकी वर्षं ते १०बीई या नावाने ओळखलं जातं. एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय आणि कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा नुसता नंबर सांगण्यापेक्षा "देणगीच्या वजावटीचं प्रमाणपत्र" असं स्पष्ट मागा. टीमपैकी एकाने मेच्या पहिल्या आठवड्यात संस्थेला आठवण करायची, हे आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका.

७. कंपनीकडून भर

"कर्मचाऱ्यांनी जमवले तेवढेच कंपनीनेही घालावेत," हे मोहीम सुरू व्हायच्या आधी विचारा आणि कमाल मर्यादेसकट लेखी घ्या. नंतर विचारलं तर बजेट संपलेलं असतं.

इथे एक गैरसमज हमखास होतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्यांची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, त्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करावे लागतात. तुमच्या खिशातले पैसे त्या २ टक्क्यांत धरता येत नाहीत. कंपनीने स्वतःची घातलेली भर मात्र काम नियमांत बसत असेल तर धरता येते, आणि त्यासाठी संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी लागते. तीन नंबरच्या यादीत हा कागद तेव्हा जोडा.

८. परदेशातले सहकारी

आमच्या जर्मनीतल्या एका सहकाऱ्याने वसतिगृहाचे फोटो बघून ५० युरो देऊ केले. मी आनंदाने हो म्हणणार होते; संस्थेच्या ताईंनीच थांबवलं. परदेशी नागरिकाचे पैसे घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खास खातं लागतं. ते नसताना रक्कम आली, तर अडचणीत संस्था येते. भारतीय पासपोर्ट असलेला, डेप्युटेशनवर गेलेला आपला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ते परदेशी योगदान धरलं जात नाही. ओसीआय कार्डवाले (परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळचे भारतीय) मात्र परदेशी नागरिकांतच येतात. परदेशी सहकाऱ्याने पैसे कुणा भारतीय मित्राच्या खात्यात टाकून फिरवायचे, हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो घेऊ नका.

९. कार्यक्रम करायचा असेल तर

दिवाळीच्या फराळाचा स्टॉल आमच्याकडे सगळ्यात चालतो. घरून करून आणलेल्या चकल्या, चिवडा, बेसनाचे लाडू; सामानाचा खर्च करणाऱ्याचा, विक्री सगळी संस्थेच्या क्यूआर कोडवर. मॅरेथॉनमध्ये धावून निधी उभारण्याची रीतही आता रुळली आहे. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली, आणि त्यात अनेक कंपन्यांचे संघ संस्थांसाठी उतरतात.

पैसे घेऊन तिकिटं विकायची आणि बक्षिसाची सोडत काढायची, हे मात्र टाळा. ते लॉटरीच्या कायद्यात शिरतं.

वस्तू गोळा करणार असाल, तर संस्थेकडून यादी घेतल्याशिवाय एक खोकंही ठेवू नका. पुराच्या वेळी आमच्याकडे सर्वांत जास्त आल्या जुन्या साड्या आणि शर्ट. तिथून निरोप आला, की पातेली, चटया, सॅनिटरी पॅड आणि नवी आतली वस्त्रं पाठवा. कपड्यांचे ढीग निवडण्यात आमचे दोन रविवार गेले.

१०. हिशोब लावा, मग भेट द्या

मोहीम संपल्यावर आठ दिवसांच्या आत एक पानी हिशोब फळ्यावर आणि मेलवर: किती जणांनी दिले, एकूण किती, डब्यातून किती, कंपनीची भर किती, संस्थेला कुठल्या तारखेला पोचले. खाली तिघांच्या सह्या. काम पूर्ण व्हायला वेळ लागणार असेल, तर पुढची खबर कधी देणार ती तारीखही लिहा, आणि ती पाळा.

भेटीला जाताना दहा-बाराजणच जा, आणि त्यात गेटवरचे, हाउसकीपिंगचे लोक असू द्या. मुलांच्या हातात काही देतानाचे फोटो काढू नका. फोटो हवाच असेल तर संस्थेला आधी विचारा. भोरच्या वसतिगृहात आम्ही जानेवारीत गेलो. मुलींनी आमच्यासाठी पोहे केले होते. आमच्या हाउसकीपिंगच्या मावशी गच्चीवर जाऊन टाकीला हात लावून आल्या, मग खाली येऊन नळ सोडला आणि बोटं पाण्याखाली धरून एका मुलीला म्हणाल्या, "चांगलं कडक येतंय गं." त्यांनी डब्यात किती टाकले होते, ते मला माहीत नाही.

कधी सुरू करायचं

पहिल्यांदाच करत असाल तर २ ते ८ ऑक्टोबरचा दान उत्सव (देशभर साजरा होणारा देण्याचा आठवडा) किंवा ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन धरा. लोकांच्या मनात तो विषय आधीच असतो. त्याच्या सहा आठवडे आधी एचआरला मेल, चार आठवडे आधी संस्थेची कागदपत्रं, दोन आठवडे आधी मतदान. प्रत्यक्ष मोहीम सात ते दहा दिवसांची पुरे. आणि आपत्ती आली म्हणून एका दिवसात उभं राहावं लागलं, तर बाकी सगळं नंतर करा, पण क्यूआर कोड पहिल्या मिनिटापासून संस्थेचाच लावा.